एक जुलैची मुले

विदर्भातल्या जुन्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कधी उघडून पाहा. जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली गेलो की एक तारीख पुन्हा पुन्हा भेटते : १ जुलै. मधूनच १ जून. एका गावातली इतकी मुले एकाच दिवशी जन्माला आली असतील, हे कुणालाही पटणार नाही. आणि ती तशी आली नव्हतीच. ती त्या दिवशी शाळेत आली होती.

आईबापांना मुलाचा जन्म आठवत असे, पण तारखेने नव्हे. 'पोळ्याच्या चार दिवस आधी', 'ज्या साली विहीर आटली त्या साली', 'थोरल्याच्या पाठीवर दोन वर्षांनी'. रजिस्टरला मात्र दिवस, महिना आणि वर्ष लागे, आणि तेही अंकी व अक्षरी. मग गुरुजी मुलाला समोर उभे करीत, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला सांगत. कान हाताला लागला तर मूल शाळेच्या वयाचे. मग शाळा सुरू होताना सहा वर्षे पूर्ण होतील अशा बेताने तारीख लिहिली जाई.

ही कानाची परीक्षा हसण्यासारखी वाटते, पण तिच्यात थोडे विज्ञान आहे. माणसाच्या डोक्याची वाढ फार लवकर होते. सहाव्या वर्षापर्यंत ते मोठ्या माणसाच्या डोक्याच्या आकाराजवळ पोचलेले असते. हातपाय नंतर लांबतात. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाचा हात टाळूपलीकडे जेमतेम जातो आणि साधारण सहा-सात वर्षांच्या मुलाचा कानापर्यंत पोचतो. म्हणजे ही परीक्षा वय मोजत नाही, वाढ मोजते. पोटभर जेवणाऱ्या घरातले मूल तीत लवकर पास होणार आणि उपासमारीने खुरटलेले मूल मागे राहणार. त्या मुलाला 'पुढच्या साली आण' असे सांगून परत पाठवणाऱ्या गुरुजींना आपण त्याची भूक मोजली हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

एकदा लिहिलेली ती तारीख जन्मभर सोबत करते. सरकारी नोकरीत महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून १ जुलैची मुले मोठी होऊन ३० जूनला निवृत्त होतात, आणि वार्षिक वेतनवाढ १ जुलैला मिळत असल्याने ती एका दिवसाने हुकत असे. वर्षभर काम करून मिळवलेली ती वाढ निवृत्त होणाऱ्याला दिली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. गंमत अशी की वाशीम जिल्ह्याचाही वाढदिवस हाच आहे. वऱ्हाडातला जुना बासीम जिल्हा १९०५ साली मोडला. त्याचे बासीम व मंगरूळ तालुके अकोल्याकडे गेले आणि पुसद यवतमाळकडे. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा झाला.

पण १ जुलैच का? पुण्या-मुंबईच्या वाचकाला शाळा म्हटली की जूनचा मध्य आठवतो. विदर्भात शाळा एक-दोन आठवडे उशिरा उघडतात. २०१९ मध्ये त्या २६ जूनला उघडल्या, २०२४ मध्ये १ जुलैला, तर २०२५ मध्ये उर्वरित राज्यात १६ जूनला आणि विदर्भात २३ जूनला. तोही पहिला आठवडा सकाळच्या पाळीत. याचे कारण ऊन.

वाशीम सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास तिथे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात. (शाळेच्या आवारात एक सरळ काठी रोवून मुलांना 'बिनसावलीचा दिवस' शोधायला सांगता येईल. मेमधला दिवस सुटीत जातो आणि जुलैमधला बहुधा ढगात, हे आपले दुर्दैव.) दोन्ही वेळा सूर्य सारखाच उंच असूनही मे भाजून काढतो आणि जुलै नाही. फरक पाण्याचा. मेमध्ये जमीन कोरडी ठाक असते, आलेली उष्णता थेट माती आणि हवा तापवते. एकदा पाऊस पडला की त्याच उष्णतेचा मोठा भाग ओल्या मातीतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. शिवाय वर ढगांचे छत असते. समुद्र दूर असल्याने कोकणासारखा खारा वारा मदतीला येत नाही. तेव्हा शाळा उघडण्याची तारीख शासनाने काढली तरी तिच्यामागे हिशेब पावसाचा आहे. आणि तो चुकला, पाऊस लांबला, तर पत्र्याच्या वर्गखोलीत बसलेल्या पहिलीच्या मुलाला तो शरीराने भोगावा लागतो.

याच तारखेला शेतीचे दुसरे टोक लागलेले आहे. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला. वऱ्हाडात पेरणीची धांदल याच दिवसांत. पूर्वी कापूस आणि ज्वारी होती, आता सोयाबीन आणि तूर. पण पेरणीला हात लागतात, लहान भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागते, ते बदललेले नाही. 'पहिल्या दिवसापासून शंभर टक्के उपस्थिती' अशी अपेक्षा आपण फळ्यावर लिहितो, तेव्हा तिची गाठ वाफशाशी असते.

आता शाळेच्या दाराकडे वळू. वर्षारंभीच्या नियमांतला पहिला नियम नेहमीच 'कोणाला घ्यायचे' हा राहिला आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नेहमीची फी भरायची त्याची तयारी होती. प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. जुलैमध्ये सरकारने उत्तर दिले, ते थोडक्यात असे : न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एकट्या त्याला घेतले तर बाकीच्यांसाठी शाळा निरुपयोगी होईल. नियम मान्य, अंमल नको. पुढे १८५८ मध्ये विलायतेतल्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असे स्पष्ट केले. तरी व्हरांड्यात बसून शिकणाऱ्या मुलांच्या आठवणी विसाव्या शतकातल्या आत्मचरित्रांत सापडतात. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. १८५३ च्या तहाने ते निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले होते आणि तिथले शिक्षणखाते १८६० च्या दशकात आकाराला आले. पण प्रश्न इथेही तोच होता.

दार उघडणे ही एक गोष्ट, आत आणणे ही दुसरी. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करावी, असे विधेयक गोखल्यांनी १९११ मध्ये मांडले. ते फार सौम्य होते. ज्या भागात तेहतीस टक्के मुले आधीच शाळेत आहेत तिथेच ते लागू व्हायचे होते. तरी मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. (त्यांचा जन्मदिवस २६ जून. विदर्भात त्या दिवशी शाळा उघडते तेव्हा हा योग साधायला हरकत नाही.) मध्यप्रांताचा कायदा १९२० चा. त्यात सक्ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोपवले होते, आणि पैसा नसलेल्या संस्था काय ठरवणार, हे सांगायला नको.

शाळेत आल्यावर मुलाने किती वेळ काय करायचे, याचा सर्वांत धाडसी विचार वाशीमपासून फार दूर नसलेल्या वर्ध्याला झाला. ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा आराखडा दिला. वर्षाला २८८ दिवस शाळा, रोज साडेपाच तास. त्यांतले ३ तास २० मिनिटे हस्तोद्योग, मातृभाषा ४० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणित मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान अर्धा तास, व्यायाम १० मिनिटे आणि मधली सुटी १० मिनिटे! कातता कातता गणित शिकवावे हा विचार आम्हांला आजही मोलाचा वाटतो. पण २८८ दिवसांचे वेळापत्रक ज्यांनी केले त्यांनी पेरणी, निंदणी आणि कापूसवेचणी यांना किती दिवस लागतात हे विचारले असते तर बरे झाले असते. त्याच सुमारास रविशंकर शुक्ल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात 'विद्यामंदिर' योजना आणली. गावाने जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालायची. नावातल्या 'मंदिर' शब्दावरून मुस्लिम समाजात विरोध झाला आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळ गेल्यावर योजनाही मागे पडली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात हाच हिशेब पुन्हा आला : पहिली ते पाचवीला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास. फरक असा की ही अट मुलावर नाही, शाळेवर आहे. या कायद्याची कलमे वर्षारंभीच्या सूचनाफलकाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुदत संपली म्हणून अडवता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा घेता येत नाही. मारता येत नाही, मानसिक छळही करता येत नाही. शंभर-दीडशे वर्षे 'येऊ नये, करू नये' हे मुलाला सांगितले जात होते. इथे ते मुख्याध्यापकाला सांगितले आहे.

हजेरीचे काय? इथे नियम आणि पोट यांची गाठ पडते. १९९५ मध्ये शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रात महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळत असे, पण ८० टक्के हजेरी असेल तरच. म्हणजे जे मूल शेतावर राबून आजारी पडले, त्याचाच तांदूळ बुडायचा. हजेरीपट भरणाऱ्या शिक्षकापुढे मग रोजचा पेच : खरे लिहावे की मुलाला जेवू द्यावे? नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि अट आपोआप गळाली. जो आला तो जेवला. एक चांगला नियम खोटे बोलण्याचे कारणच काढून घेतो, त्याचे हे उदाहरण. उलट उदाहरणही आहे. शिक्षकांची पदे पटावर ठरतात, म्हणून पट फुगतो. अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर मुलांच्या बोटांना शाई लावून पटपडताळणी करावी लागली. इंग्लंडने १८६२ मध्ये निकालाप्रमाणे अनुदान द्यायला सुरुवात केली तेव्हाही नेमके असेच झाले होते. ज्या आकड्यावर पैसे मिळतात, तो आकडा वाढतो.

वाशीम २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. तिथल्या तांड्यांवरची आणि कोरडवाहू गावांतली काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. त्यांच्या मुलांचे वर्ष जूनला सुरू होते आणि पहिल्या सत्रातच मोडते. दुसऱ्या सत्राच्या आरंभी ती कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात असतात, जिथे वर्गाचे नियम जूनमध्येच सांगून झालेले असतात. काही ठिकाणी गावातच हंगामी वसतिगृहे चालवून मुलांना मागे ठेवून घेतले जाते. जी जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गाव सोडताना शाळेने ते भरून द्यायचे, आणि जिथे कोप पडेल तिथल्या शाळेने ते पाहून मुलाला त्याच्या इयत्तेत बसवायचे. कार्ड हरवले तरी बसवायचेच. आपल्या शाळेच्या पहिल्या बैठकीत या वर्षी अशी किती कार्डे भरावी लागतील, याचा अंदाज जुलैतच काढता येतो. कोणत्या घरची उचल कोणत्या मुकादमाकडून घेतली गेली आहे, हे वर्गातल्या मुलांना बहुतेक वेळा आपल्याआधी माहीत असते.