पोतेऱ्याची बखर

दिवाळीच्या आधी आठ दिवस माझ्या माहेरी एक भांडण ठरलेले असते. ते फराळावरून नव्हे, कंदिलावरूनही नव्हे. ते होते लादी कशी पुसायची यावरून. माझी आई सत्तरी ओलांडून गेली आहे. तिचे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी केव्हाच मोडीत काढले आहेत. तरीही ती खाली बसणार, फडके बादलीत बुचकळणार, दोन्ही हातांनी करकचून पिळणार आणि ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत सरकत सरकत जाणार. आम्ही ओरडतो, ती ऐकत नाही. कोपऱ्यात दांड्याचा एक चांगला मॉप उभा असतो. त्याच्याकडे ती परक्या पाहुण्याकडे पाहावे तशी पाहते.

या भांडणामुळेच मी पोतेऱ्याच्या इतिहासाच्या मागे लागले. मी बालवाडीत शिकवते, कादंबऱ्या लिहिते, आणि शिक्षण म्हणाल तर दहावी, म्हणजे वडिलांच्या भाषेत मॅट्रिक. तेव्हा इतिहासकाराचा आव आणणे मला शोभणार नाही. पण राजांच्या बखरी पुष्कळ झाल्या. एक पोतेऱ्याची झाली म्हणून कोणाचे राज्य बुडणार नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे की 'पिळणे' ही क्रिया आमच्या घरांत फार जुनी नाही. कपडे पिळत, ते सोडा. मी जमिनीविषयी बोलते आहे. माझे माहेर शेव्याचे, सासर न्हाव्याचे. सरकारदप्तरी न्हावा पनवेल तालुक्यात आणि शेवा उरणात. जगाच्या नकाशावर मात्र दोघांचे नाव एकाच श्वासात घेतात. या दोन्ही गावांतली जुनी घरे भुईची होती, चोपून घट्ट केलेली आणि शेणाने सारवलेली. भुई पाणी पिते. तिच्यावर ओले फडके फिरवले तर चिखल होईल. म्हणून सारवणाचे पोतेरे कधी पिळत नसत, उलट ते शेणकाल्याने निथळत ठेवावे लागे. आपल्या भाषेत 'पोतेरे होणे' म्हणजे दुर्दशा होणे. या चिंधीची कोणी किती कदर केली, ते त्या एका वाक्प्रचारात आले. आणि सारवणारी बाई? ती कमरेतून वाकलेली. अंगण संपेपर्यंत तिला पाठ सरळ करायला सवड नसे.

पुढे घरांत दगड आला. शहाबादची फरशी आगगाडीने देशभर गेली, आणि तिच्यामागून सिमेंटची रंगीत लादी आली. या लादीचा इतिहास आमच्या अगदी उंबऱ्याशी येऊन भिडतो. विलायतेहून येणाऱ्या लाद्यांना स्वदेशी तोड द्यावी या जिद्दीने फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली 'भारत' नावाने लादीचा व्यवसाय सुरू केला, आणि त्यांचा कारखाना निघाला तो खाडीपलीकडच्या उरणला! मुंबईच्या इमारतींत आजही जी नक्षीदार लादी पाहून लोक थबकतात, त्या जातीची लादी आमच्या शेजारी घडत होती, आणि आम्ही मात्र शेणाच्या भुईवर चटया टाकून निजत होतो. मला यात राग नाही, गंमत वाटते.

लादी पाणी पीत नाही. इथेच सगळी गोम आहे. फडके जास्त ओले राहिले तर लादीवर पाणी साचते, पाय घसरतो, वाळल्यावर डाग उमटतात. कमी ओले राहिले तर मळ निघत नाही. म्हणजे फडके नेमके किती पिळायचे ही एक विद्याच झाली, आणि ती मनगटांत साठवावी लागली. शिवाय घाण पाण्यात हात घालायचा, तो निराळाच.

आमच्या घरी लादी आली ती बंदरामुळे. त्या दिवसांविषयी इथे फार लिहीत नाही. तो विषय पोतेऱ्याच्या बखरीत मावणारा नाही. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखांना, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या आमच्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मधल्या काळात आमचे शेवा गाव उठून दुसरीकडे वसले. मिठागर गेले, शेत गेले, आणि नव्या घरात पांढरी लादी आली. आई त्या लादीवर पहिल्या दिवशी चप्पल काढून, चवड्यांवर चालली होती. एवढी किंमत मोजून मिळालेली वस्तू मळू द्यायची नाही, असे तिने तेव्हाच ठरवले असावे. तिच्या गुडघ्यांचे दुखणे मी तिथपासून मोजते.

माझा थोरला भाऊ बंदराजवळच्या एका वर्कशॉपात वेल्डिंग करायचा. १९९६ च्या सुमारास आईचे कण्हणे ऐकून दादाने मनावर घेतले की उभ्याने पुसता येईल आणि हात न लावता पिळता येईल असे यंत्र आपण करायचे. पहिला नमुना असा: एक पाइप, खाली फडके, फडक्याच्या दोन बाजूंना पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि वर सायकलच्या ब्रेकची मूठ. मूठ आवळली की पट्ट्या फडके दाबणार. ते दाबले, पण पाणी निम्मेच निघाले. ब्रेकच्या तारेत तेवढा जोर कुठला? दुसऱ्या नमुन्यात त्याने दाब सोडला आणि पीळ धरला. फडक्याच्या चिंध्या वरच्या आणि खालच्या अशा दोन कड्यांना बांधल्या, आणि वरचे कडे फिरवायची सोय केली. पहिल्याच पिळाला पाइप वाकला, दुसऱ्याला चिंध्या तटातट तुटल्या.

वडील ओटीवर बसून पाहत होते. जन्मभर त्यांनी जाळ्यांसाठी दोऱ्या वळलेल्या. ते म्हणाले, "अरं, पीळ दिला का दोरी आखूड व्हते. तू तर तिला दोन्ही टोकाना बांधून ठेवलीस. ती जाईल कुठं?"

दादा गप्प झाला. त्याने आणखी एक नमुना केला, पण तोवर पहिल्या दोहोंचे लोखंड खाऱ्या हवेने गंजून लाल झाले होते आणि पांढऱ्या लादीवर तांबडे ओघळ उमटू लागले होते. आईने तिन्ही दांडे उचलून परसात ठेवले. त्यांवर कित्येक वर्षे घोसाळ्याचा वेल चढत असे.

आता मी जे वाचले ते सांगते, म्हणजे माझा दादा किती मोठ्या पंगतीत बसला होता हे कळेल.

दांड्याला चिंध्या बांधून पुसण्याची रीत जहाजांवर जुनीच. खलाशांनाही वाळूचा दगड घेऊन, गुडघे टेकून डेक घासावा लागे हे खरे. पण पाणी टिपायला त्यांच्याजवळ दोरांच्या झुबक्याचा लांब दांडा असे. जमिनीवरच्या घरांत मात्र बाया गुडघ्यांवरच राहिल्या. इंग्रजीत गुडघ्याच्या वाटीवर पाणी धरून सूज येण्याला 'मोलकरणीचा गुडघा' असेच नाव पडले. १८८९ साली निघालेल्या जेरोम के. जेरोमच्या नौकाविहाराच्या विनोदी पुस्तकात नायकाला वैद्यकाचे पुस्तक चाळता चाळता जगातले सगळे रोग आपल्याला झाल्याचा साक्षात्कार होतो, फक्त हा एक सोडून. मी ते वाचून पोट धरून हसले. मग माझ्या ध्यानात आले, तो रोग त्याला होणार कसा? लादी तो थोडाच पुसत होता!

अमेरिकेत १८३७ साली जेकब हाउ नावाच्या गृहस्थाने फडके धरून ठेवणाऱ्या दांड्याचे पेटंट घेतले. पण फडके हातानेच पिळायचे राहिले. १३ जून १८९३ रोजी मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावच्या थॉमस स्टुअर्ट या कृष्णवर्णी संशोधकाला अशा मॉपचे पेटंट मिळाले, की ज्याचे फडके चापात धरलेले असे आणि दांड्यावरची तरफ ओढली की त्यातले पाणी पिळून निघे. तरफ! दादाने ब्रेकची तार लावली तिथे स्टुअर्टने तरफ लावली होती. जोर वाढवायचा तर तरफच हवी, हे आपण शाळेत शिकतो आणि घरी विसरतो.

मला सर्वांत आवडते ती स्पेनची हकिकत. मानुएल हालोन हा विमानांचा इंजिनियर अमेरिकेत प्रशिक्षणाला गेला असता त्याने पाहिले, की विमानांच्या प्रचंड शेडमधली जमीन माणसे उभ्याने पुसतात आणि बादलीवर बसवलेल्या दोन रुळांत मॉप दाबून पिळतात. त्याच्या देशात बायका अजून गुडघ्यांवर होत्या. १९५६ साली सारागोसा शहरात त्याने घरगुती मॉप-बादली तयार केली. पुढे रूळ गेले आणि प्लास्टिकच्या बादलीवर भोकाभोकांची निमुळती टोपली आली. तीत मॉप दाबून जरासा फिरवला की झाले. आपण उसाच्या चरकातून बाहेर पडून रसाच्या गाळणीशी यावे, तशी ही सुधारणा. हाच माणूस नंतर स्पेनमध्ये एकदा वापरून टाकायच्या इंजेक्शनच्या पिचकाऱ्या करू लागला. पण त्याच्याही आधी, १९५३ साली, आविलेस गावच्या हुलिया मोन्तूसे आणि हुलिया रोद्रिगेस-मारिबोना या मायलेकींनी, बादलीला जोडून जमीन पुसणे सोपे करणाऱ्या उपकरणाची सरकारात नोंद केली होती. प्रसिद्धी मात्र इंजिनियरला मिळाली. आई आणि लेक एका बादलीवर डोके चालवीत बसल्या आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही दोघी तर नुसत्या भांडतो.

त्या मॉपला स्पॅनिशमध्ये 'फ्रेगोना' म्हणतात. हा शब्द मुळात जमीन-भांडी घासणाऱ्या मोलकरणीचा. सर्व्हान्तेसने १६१३ साली प्रसिद्ध केलेल्या कथांत एका कथेचे नावच या शब्दावर आहे. बाईचे नाव काठीला मिळाले, आणि बाई त्या नावातून सुटली.

आता वडिलांचे वाक्य आठवा. १९९० साली न्यूयॉर्ककडच्या जॉय मँगॅनो या तीन मुलांच्या आईने एक मॉप काढला. त्याचा झुबका सुमारे ३०० फूट लांबीच्या अखंड सुती दोऱ्याच्या वेढ्यांचा होता. दांड्यावरचा भाग सरकवून फिरवला की झुबक्याला पीळ बसे, आणि हात ओले होत नसत. सरकणारा भाग! पिळाने दोरी आखूड होते तिला जायला जागा ठेवलेली. अखंड वेढे असल्याने चिंध्या टोकातून निसटण्याचीही भीती नाही. १९९२ साली तिने टेलिव्हिजनवर स्वतः उभे राहून मॉप विकले, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत १८,००० नग गेले. पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला, २०१५ साली. माझे वडील तोवर गेले होते. नाहीतर मी त्यांना मुद्दाम दाखवला असता.

आमच्याकडे असा शोध का लागला नाही, हा प्रश्न मला वाचकांपुढे ठेवलाच पाहिजे. बुद्धी कमी होती असे मी मानत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्याच्या हाती वेल्डिंगचे यंत्र नसते, आणि ज्याच्या हाती पैसा असतो त्याची लादी दुसरेच कोणी पुसते. मोलाने बाई मिळते तोवर यंत्राला विचारतो कोण? पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि पुढे त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा कितीतरी घरांत प्रथमच मालकिणीने आपल्या हाताने फडके पिळले असेल. सरकारला घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा करायला त्यानंतर २००८ साल उजाडले. त्या कायद्याने गुडघे बरे झाले नाहीत, पण मोलकरीण ही कामगार आहे एवढे तरी कागदावर आले.

आता बाजारात जी भिंगरीची बादली मिळते, ती या शतकाच्या पहिल्या दशकात तैवानकडून जगभर पसरली. तिच्यात दाब नाही, पीळही नाही. जाळीत मॉप ठेवून दांडा खाली दाबला की जाळी गरगरा फिरते आणि पाणी बाहेर फेकले जाते, गोफणीतून दगड सुटावा तसे. किती वेळ फिरवले त्यावर ओल ठरते. मनगटातली विद्या अशी जाळीत गेली.

गेल्या दिवाळीत मी आईसाठी तीच बादली नेली. दादाने ती उलटी करून पाहिली, भिंगरीचे दाते मोजले, "प्लास्टिक हाय, गंजनार नाय," एवढेच म्हणाला. आईने दोनदा दांडा दाबला. पाणी फेकले जाताना पाहून ती लहान मुलीसारखी हसली. ओटी तिने उभ्याने पुसली, माजघरही पुसले. मग देवघराशी येऊन थांबली.

"हितल्या कोपऱ्यानचा पानी कोन पुसल? तुजी काठी गोल, न माजा कोपरा चौकोनी."

तिने दांडा माझ्या हातात दिला आणि पदर खोचून, भिंतीला धरून, हळूहळू खाली बसू लागली. मी तिला हाताला धरून उठवले, पाटावर बसवले, आणि तो कोपरा फडक्याने मी पुसला. ती पाटावरून बघत होती. फडके नीट पिळले नाही म्हणून तिने मला दोनदा परत पाठवले.