रोझरी: तीच प्रार्थना ५३ वेळा म्हणून भक्ती वाढते का?

ऑक्टोबर महिना लागला की वसई, मुंबई आणि गोव्यातल्या कॅथलिक घरांत एक प्रार्थना एरवीपेक्षा जास्त ऐकू येते. एक जण सुरुवात करतो, बाकीचे पुढचा भाग म्हणतात. प्रत्येकाच्या हातात मण्यांची माळ असते आणि शब्द तेच, पुन्हा पुन्हा. हीच रोझरी.

बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की एकच गोष्ट इतक्या वेळा म्हणून काय मिळतं? हा प्रश्न रोझरी म्हणणाऱ्यांनाही पडतो. तोंडाने प्रार्थना चालू असते आणि डोक्यात उद्याचा डबा, मुलांची परीक्षा, घराचा हप्ता असं सगळं फिरत असतं. मग अशा प्रार्थनेला अर्थ उरतो का? कॅथलिक परंपरेने यावर बराच विचार केला आहे.

माळेत नेमकं काय असतं?

नेहमीच्या माळेत ५९ मणी आणि एक क्रूस असतो. सुरुवात क्रुसापासून होते. ५९ पैकी ५३ मण्यांवर ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणतात. उरलेल्या ६ मण्यांवर ‘प्रभूची प्रार्थना’, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना म्हणतात.

माळेचे मुख्य भाग पाच. प्रत्येक भागात १० मणी, म्हणजे १० वेळा ‘नमो मरिया’. असे पाच भाग पूर्ण व्हायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात.

हिंदूंची १०८ मण्यांची जपमाळ किंवा मुस्लिमांची तसबीह माहीत असलेल्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. बोटं मोजणीचं काम करतात आणि मन मोकळं राहतं.

ही प्रार्थना आली कुठून?

मध्ययुगीन युरोपातल्या मठांमध्ये बायबलमधली १५० स्तोत्रं म्हणण्याची पद्धत होती. पण सामान्य माणसाला वाचता येत नव्हतं आणि पुस्तकं फार महाग होती. मग १५० स्तोत्रांऐवजी १५० वेळा एखादी पाठ असलेली प्रार्थना म्हणायची आणि हिशोब मण्यांवर ठेवायचा, अशी सोय झाली. आधी ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणत, पुढे ‘नमो मरिया’ रूढ झाली.

म्हणजे रोझरी वाढली ती न शिकलेल्या, दिवसभर कष्ट करणाऱ्या माणसांमध्ये. संत डॉमिनिक यांना मरियेने स्वतः रोझरी दिली, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकांच्या मते ही प्रार्थना काही शतकांत हळूहळू घडत गेली. १५६९मध्ये पोप पायस पाचवे यांनी तिच्या प्रचलित स्वरूपाला अधिकृत मान्यता दिली. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना झाला तो पोप लिओ तेरावे यांच्या काळात. १८८३मध्ये त्यांनी तसं आवाहन केलं होतं.

गोव्यात कोंकणी बोलणारे कॅथलिक रोझरीला ‘तेर्स’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘तेर्सो’वरून आला. त्याचा अर्थ एक तृतीयांश. पूर्ण रोझरीत १० मण्यांचे १५ भाग असत आणि घरी रोज त्यातले पाचच म्हणत, म्हणून हे नाव. घरातल्या वेळेप्रमाणे प्रार्थनेचं माप ठरवणं किती जुनं आहे, ते या एका शब्दातून कळतं.

ही मरियेची पूजा आहे का?

हा आक्षेप अनेक प्रोटेस्टंट ख्रिस्तीही घेतात. कॅथलिक चर्चचं म्हणणं असं, की पूजा फक्त देवाची. मरियेला मान द्यायचा आणि आपल्यासाठी देवाकडे प्रार्थना कर, अशी तिला विनंती करायची.

‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातून आला आहे. त्यात गब्रिएल दूताने मरियेला केलेलं अभिवादन आहे आणि तिची नातेवाईक एलिझाबेथ हिने काढलेले उद्गार आहेत. दुसऱ्या भागात ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ अशा अर्थाचं मागणं आहे. दोन भागांच्या मधोमध येशूचं नाव येतं. प्रार्थनेचं केंद्र ते नाव आहे, याची आठवण पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२मध्ये रोझरीवर लिहिलेल्या पत्रात करून दिली.

शब्द तेच, पण लक्ष कुठे असतं?

रोझरी समजून घेताना हाच मुद्दा सुटतो. दहा मण्यांच्या प्रत्येक भागाला येशू किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग जोडलेला असतो. त्याला ‘रहस्य’ म्हणतात. हे उलगडण्याचं कोडं नाही. ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहावं आणि दर वेळी थोडं अधिक कळावं, असा तो प्रसंग.

अशी २० रहस्यं चार गटांत आहेत आणि त्यांचे वार ठरलेले आहेत:

• आनंदाची रहस्यं (सोमवार, शनिवार): दूताचा संदेश, एलिझाबेथची भेट, येशूचा जन्म वगैरे.
• दुःखाची रहस्यं (मंगळवार, शुक्रवार): बागेतली वेदना, काट्यांचा मुकुट, क्रुसावरचं मरण वगैरे.
• गौरवाची रहस्यं (बुधवार, रविवार): पुनरुत्थान, पवित्र आत्म्याचं आगमन वगैरे.
• प्रकाशाची रहस्यं (गुरुवार): येशूचा बाप्तिस्मा, काना गावातलं लग्न वगैरे. हा गट जॉन पॉल दुसरे यांनी २००२मध्ये सुचवला.

शब्दांची आवर्तनं पार्श्वभूमीला चालू राहतात आणि नजर प्रसंगावर असते. प्रसंगाकडे लक्षच नसेल, तर रोझरी निर्जीव होऊन यांत्रिक पाठ उरतो, असा इशारा पोप पॉल सहावे यांनी १९७४मध्येच दिला होता. म्हणजे ‘नुसतं पुटपुटणं’ हा आक्षेप चर्चनेही गंभीरपणे घेतला आहे.

मन भटकतं, मग काय?

फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या संत तेरेझा (१८७३–१८९७) मठात राहणाऱ्या जोगीण होत्या. आज चर्च त्यांना थोर आध्यात्मिक शिक्षिका मानतं. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की एकटीने रोझरी म्हणणं त्यांना फार जड जायचं आणि कितीही प्रयत्न केला तरी चित्त लागायचं नाही. याचं त्यांना अनेक दिवस वाईट वाटलं. पुढे त्यांनी मनाची समजूत घातली, की मरिया आई आहे, तिला आपली इच्छा कळत असणार. मन अगदी कोरडं पडलं की त्या ‘प्रभूची प्रार्थना’ आणि ‘नमो मरिया’ एकदाच, अगदी सावकाश म्हणत. घाईघाईत शंभर वेळा म्हणण्यापेक्षा त्यातून जास्त बळ मिळतं, असा त्यांचा अनुभव होता.

कॅथलिक चर्चच्या १९९२च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातही असाच सल्ला आहे. भटकलेल्या विचाराच्या मागे लागून त्याला हुसकावत बसू नये, शांतपणे परत प्रार्थनेकडे वळावं. मन कुठे गेलं, यावरून आपण कशात गुंतलो आहोत तेही कळतं.

आणि वेळच नसेल तर?

यावरचं एक उत्तर जवळपास २०० वर्षं जुनं आहे. फ्रान्समधलं लियों हे रेशीम उद्योगाचं शहर. तिथल्या एका रेशीम कारखानदाराची मुलगी पोलीन जारिको हिने १८२६मध्ये ‘जिवंत रोझरी’ सुरू केली. कल्पना साधी होती. १५ जणांचा गट करायचा, प्रत्येकाने रोज फक्त १० मण्यांचा एक भाग म्हणायचा आणि सगळ्यांची मिळून पूर्ण रोझरी व्हायची. प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं येत आणि आपला भाग चुकला तर माळ अपुरी राहील, ही जाणीवही राहत असे. ही पद्धत झपाट्याने पसरली. २०२२मध्ये चर्चने जारिको यांना ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी आहे.

आज शिफ्टची नोकरी, लोकलचा प्रवास आणि परदेशी गेलेली मुलं, यामुळे घरातल्या सगळ्यांनी संध्याकाळी एकत्र बसणं अवघड झालं आहे. हरिपाठाला सगळं घर जमायचं, ते आता जमत नाही, हा अनुभव अनेक मराठी घरांना आहे. रोझरीचंही तसंच झालं आहे. मग कुणी व्हिडिओ कॉलवर एकत्र प्रार्थना करतं, कुणी बोटात दहा उंचवट्यांची अंगठी घालून प्रवासात एक भाग म्हणतं. २०१९मध्ये तर पोपच्या जागतिक प्रार्थना संस्थेने ‘क्लिक टू प्रे ई-रोझरी’ नावाचं स्मार्ट ब्रेसलेट आणलं. क्रुसाची खूण केली की मोबाइलवर प्रार्थना सुरू होते.

प्रार्थना खोल व्हावी म्हणून काय करतात?

• प्रत्येक भागाआधी रहस्याचं नाव घेऊन बायबलमधला तो उतारा वाचतात आणि थोडा वेळ शांत बसतात. जॉन पॉल दुसरे यांनीही हे सुचवलं होतं.
• येशूच्या नावापाशी क्षणभर थांबतात. प्रार्थना आपोआप सावकाश होते.
• प्रत्येक भाग कुणासाठी तरी म्हणतात: आजारी शेजारी, नोकरी शोधणारा मुलगा, ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा भाऊ.
• रहस्य आपल्या दिवसाशी जोडून पाहतात. एलिझाबेथची भेट म्हणजे अडचणीतल्या नातेवाइकाच्या मदतीला मरियेने केलेला प्रवास. मग आपण कुणाकडे जायचं टाळतो आहोत?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. माळ रोज पूर्ण होत असेल आणि अबोला वर्षानुवर्षं तसाच असेल, तर प्रार्थना कुठे अडली ते दिसतं.

रोझरी कॅथलिकांना सक्तीची नाही. रविवारी मिस्साला जाणं हे कर्तव्य मानलं जातं, पण रोझरी चुकली म्हणून पाप लागत नाही. त्यामुळे सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाच भाग पूर्ण करायला हवेत असं नाही. एक रहस्य, दहा मणी आणि चार मिनिटं पुरतात. लियोंमधल्या त्या गटांनी रोज एवढंच केलं होतं.