विदर्भाचा रणजी करंडक आणि चंद्रकांत पंडित

विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या मोसमापासून रणजी करंडकात स्वतंत्रपणे खेळतो आहे. पहिला अंतिम सामना गाठायला त्याला तब्बल साठ वर्षे लागली. तो त्याने जिंकला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकला. या दोन वर्षांची गोष्ट सांगताना एका प्रशिक्षकाचे नाव नेहमी पुढे येते. त्याच्या वाट्याला नेमके किती श्रेय जाते, हा या धाग्याचा विषय.

आधी नागपूरचे एक जुने दुखणे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपूरचा. मात्र त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा काळ गेला इंदूरला, होळकर संस्थानाच्या आश्रयाने. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरला राहिला तो फक्त जन्मस्थानाचा मान. पुढे विदर्भाचा स्वतंत्र संघ झाला, तरी चित्र फारसे पालटले नाही. मध्य विभागात रेल्वे, राजस्थान, उत्तर प्रदेश यांच्यापुढे विदर्भ म्हणजे हमखास गुण मिळवून देणारा प्रतिस्पर्धी, अशीच समजूत कित्येक दशके होती.

आता मुंबईकडे वळू. चंद्रकांत सीताराम पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ चा. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली ते घडले. आचरेकर स्वतः प्रथम दर्जाचा अवघा एक सामना खेळले होते. तरी त्यांच्या शिष्यांची यादी देशातल्या कोणत्याही क्रिकेट संस्थेला हेवा वाटावा अशी आहे. उत्तम प्रशिक्षक होण्यासाठी मोठा खेळाडू असावेच लागते असे नाही, याचा पुरावा पंडितांना कोवळ्या वयातच डोळ्यांसमोर दिसत होता.

पंडित यष्टिरक्षक-फलंदाज होते. जून १९८६ मध्ये लीड्सला त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेही निव्वळ फलंदाज म्हणून, कारण यष्टींमागे किरण मोरे होते. पुढची सहा वर्षे त्यांच्या नशिबी बव्हंशी हेच आले. एकूण ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकर आजारी पडल्याने वानखेडेवर पंडितांना संधी मिळाली. त्यांनी २४ धावा केल्या आणि भारत इंग्लंडकडून ३५ धावांनी हरला. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांच्या नावावर ८,००० हून अधिक धावा आणि २२ शतके आहेत. त्यांना दुय्यम खेळाडू म्हणणे अन्यायाचे ठरेल. जागा एकच होती आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याची होती.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडे गेले आणि कर्णधार झाले. एप्रिल १९९९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. पहिल्या डावात मध्य प्रदेशला ७५ धावांची आघाडी मिळाली होती. म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. नुसता वेळ काढला असता तरी पुरले असते. पण विजय भारद्वाजने अवघ्या २४ धावांत ६ बळी घेतले, संघ १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी हरला. ही सल पंडितांनी तेवीस वर्षे बाळगली. त्यांच्या प्रशिक्षकपदातील करडेपणाचे मूळ शोधायचे असेल, तर ते या एका दिवसात शोधावे लागते.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३ आणि २००३-०४ असे सलग दोन करंडक मिळवून दिले, आणि २०१५-१६ मध्ये तिसरा. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. त्यानंतर मुंबईने त्यांना कायम ठेवले नाही. अंतिम फेरी गाठणाऱ्या प्रशिक्षकाला निरोप देण्याचा हा थाट मुंबईलाच परवडतो. नागपूरने ही संधी साधली.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंडित आले तेव्हा विदर्भाची पाटी कोरी नव्हती. २००८ मध्ये वर्धा मार्गावरील जामठ्याचे मैदान कसोटीसाठी खुले झाले होते. वलनी-खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये भारतासाठी कसोटी खेळला होता. माजी वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य यांच्या पुढाकाराने निवासी अकादमी चालू होती, तिच्यातून मुले वर येत होती. सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजांवर मेहनत घेत होते. वसीम जाफर मुंबई सोडून आधीच विदर्भाकडे आला होता. शेत नांगरलेले होते, पेरणीही झालेली होती.

मग उणीव कशाची होती? मुंबईच्या मैदानांवर ज्याला ‘खडूस’ म्हणतात, त्या वृत्तीची. सामना हातातून गेला असे सगळ्यांना वाटत असतानाही प्रतिस्पर्ध्याला एक धाव फुकट न देणे, आणि जिंकण्याजोगा सामना हातातून निसटू न देणे. पंडित वेळेचे काटेकोर, शिस्तीचे कडक, आणि संघाच्या बाबतीत पूर्ण अधिकार आपल्याकडे ठेवणारे. ही पद्धत सर्वांना मानवते असे नाही. पुढे कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक असताना त्यांच्या कडकपणाबद्दल परदेशी खेळाडूंची नाराजी उघड बोलली गेली. विदर्भातील मुलांना मात्र ती नेमक्या वेळी मिळाली.

याचा कस लागला डिसेंबर २०१७ मध्ये, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरील उपांत्य सामन्यात. समोर होते कर्नाटक, उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला डावाने हरवून आलेले. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर बाद झाला आणि कर्नाटकाने ११६ धावांची आघाडी घेतली. अनिर्णित सामना येथे विदर्भाच्या कामाचा नव्हता. दुसऱ्या डावात ३१३ धावा करून त्यांनी कर्नाटकापुढे १९८ चे लक्ष्य ठेवले. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११ होते, पण शेवटच्या सकाळी तळाचे फलंदाज चिवटपणे झुंजत राहिले. अखेर रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधराने डावात ७ आणि सामन्यात १२ बळी घेतले. विदर्भ ५ धावांनी जिंकला. जुना विदर्भ हा सामना ५ धावांनी हरला असता.

अंतिम सामना दिल्लीविरुद्ध, इंदूरच्या होळकर मैदानावर. वर्षभरापूर्वी पंडितांची मुंबई येथेच हरली होती. आणि ज्या संस्थानाने नागपूरचा सर्वात मोठा खेळाडू आपलासा केला, त्याचेच नाव या मैदानाला. गुरबानीने येथे हॅट्‌ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही दुसरीच. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. दिल्लीच्या ध्रुव शौरीचे शतक झाले होते, हॅट्‌ट्रिकचा तिसरा बळी तोच. मग यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या, विदर्भ ५४७ पर्यंत पोहोचला आणि १ जानेवारी २०१८ रोजी ९ गडी राखून जिंकला. कर्णधार होता नागपूरचाच फैज फजल, ज्याने त्या मोसमात ९१२ धावा केल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी अंतिम सामना खुद्द जामठ्याला झाला. मोसम चालू असतानाच, २ जानेवारी २०१९ रोजी, आचरेकर गेले. फेब्रुवारीत विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवले. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने सामन्यात ११ बळी घेतले; त्यात चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत, एकदा १ वर, एकदा शून्यावर. चाळिशीतल्या जाफरने मोसमात १,०३७ धावा केल्या. त्याच महिन्यात इराणी करंडकही सलग दुसऱ्यांदा नागपुरात राहिला आणि त्याच्या बक्षिसाची रक्कम संघाने पुलवाम्यातील हुतात्मा जवानांच्या कुटुंबांना दिली.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशात परतले. २६ जून २०२२ रोजी त्यांच्या संघाने रणजी करंडक जिंकला. मैदान तेच चिन्नास्वामी, प्रतिस्पर्धी मुंबई. मध्य प्रदेशचे हे पहिलेच विजेतेपद. त्या दिवशी मैदानावर या कठोर माणसाला रडू आवरले नाही. समोर मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, आचरेकरांचाच शिष्य आणि भारतासाठी एकही सामना न मिळालेला फलंदाज. पुढे २०२५ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. पंडितांच्या खात्यावर २०२४ चे आयपीएल विजेतेपदही जमा झाले.

विदर्भाचे यश उसने होते का, हा प्रश्न मात्र पंडित गेल्यानंतरच कसाला लागणार होता. बाहेरचा प्रशिक्षक, बाहेरचा जाफर. दोघे गेले की सगळे ओसरेल, असे म्हणणारे कमी नव्हते. २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. पुढच्या मोसमात नागपूरच्या उस्मान गनी यांच्या प्रशिक्षणाखाली जामठ्याला केरळविरुद्ध अंतिम सामना झाला. फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला. विदर्भ संघात आता ध्रुव शौरी होता, तर आदित्य सरवटे केरळकडून विदर्भाविरुद्ध गोलंदाजी करत होता. विदर्भाने पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेतली, ती शेवटच्या दिवसापर्यंत शांतपणे जपली, आणि अनिर्णित सामन्यातून तिसरा करंडक नेला. तो स्वीकारणारा कर्णधार होता इंदूरचा शतकवीर अक्षय वाडकर.