मृगाआधीची शाकारणी

जुन्या मराठी घराचा पावसाळा उन्हाळ्यातच सुरू होई. हातघडणीची अर्धगोल नळीची कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असत. माकडे, मांजरे, वारा ती सरकवत. म्हणून मृग नक्षत्रापूर्वी कौले चाळणे, फुटकी बदलणे आणि पन्हळींतला पालापाचोळा काढणे हा दरवर्षीचा नेम. तो चुकला की तुंबलेले पाणी वाशांत मुरे, लाकूड कुजे, मातीची भिंत खचे.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. खाचेत घट्ट बसणाऱ्या मंगलोरी कौलांमुळे वार्षिक चाळणीची गरज पुष्कळ कमी झाली. पन्हळ मात्र पूर्वीसारखीच तुंबत राहिली.

पडका वाडा पाहताना म्हणूनच भिंतीआधी पन्हळीची जागा शोधावी. पडझडीची सुरुवात अनेकदा तिथेच सापडते.