एकाच डोंगराचं पाणी, पण तीन तलावांची तीन तऱ्हा



पावसाळा लागला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडची पोरं सुट्टीला आपल्याकडच्या ओढ्यावर, बंधाऱ्यावर येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, पाण्यात उतरू का?" आपण पाण्याकडे एक नजर टाकून हो-नाही सांगून मोकळे होतो. पण समोरचं पाणी बघून निम्मंच कळतं. ते कुठून आलं आणि वरच्या अंगाला आजवर काय काय झालं, हे माहीत असेल तर उत्तर नीट देता येतं. याचा चांगला दाखला त्या पोरांच्या घराशेजारीच आहे. म्हणून आज विहार, तुळशी आणि पवई या तलावांबद्दल लिहितोय.

बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथं बौद्ध भिक्खू राहत. त्यांनी राहायच्या खोल्यांबरोबर कातळात पाण्याची टाकी खोदली, त्यांना पोढी म्हणतात. शेजारून पावसाळी ओहोळ वाहतो, तरी वर्षभराचं पाणी त्यांनी टाक्यांतच धरलं. पावसाळ्यात धो धो येणारा आणि उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओहोळ भरवशाचा नाही, हे त्यांना कळलं होतं.

पुढं मुंबई वाढली, विहिरी पुरेनात. तेव्हा हेन्री कोनीबेअर या इंजिनियरच्या आराखड्यावर मिठीच्या खोऱ्यात विहारचं धरण बांधलं. काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६० ला मुंबईला नळाचं पाणी मिळालं. तेही पुरेना म्हणून १८७९ ला तुळशी तलाव झाला. नंतर पाण्याची टंचाई पडली, तेव्हा घाईनं पवईचा तलाव केला, तो १८९१ चा.

आता फरक बघा. तिन्ही तलाव एकमेकांच्या जवळ, पाऊस जवळपास सारखाच. विहार आणि तुळशीचं पाणलोट क्षेत्र आज राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. हे दोन्ही तलाव दीडशे वर्षांच्या आसपासचे असूनही मुंबईला पिण्याचं पाणी देतात. पवईचं पाणी मात्र पिण्यातून बाद झालं. ते आता कारखान्यांना आणि आरे कॉलनीला वापरायला जातं. पवईच्या वरच्या अंगाला दगडाच्या खाणी झाल्या, इमारती आल्या, वस्त्या वाढल्या. खाणींचा आणि बांधकामांचा गाळ खाली आला, सांडपाणी आलं, तलाव उथळ होत गेला. गंमत म्हणजे तलाव व्हायच्या आधी याच पवईत फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याची मोठी शेती आणि बागा होत्या.

पवईला जलपर्णी माजते, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. शेतकऱ्याला तिचा अर्थ पटकन कळायला पाहिजे. जलपर्णी माजली म्हणजे त्या पाण्याला नत्र आणि स्फुरद भरपूर मिळतंय. आपण खत टाकलं नसेल तर ते बहुतेक वेळा सांडपाण्यातून येतं. वरून हिरवंगार दिसतं, पण खाली प्राणवायू कमी पडतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर तेच समजा. उघड्यावर आंघोळीच्या पाण्यासाठी सरकारी मापं आहेत. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सामू ६.५ ते ८.५. मैलापाण्यातले कॉलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० च्या आत असलेले बरे आणि २५०० च्या वर तर नकोच. जंतू डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून निवळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट तलाव भरण्याची. दरवर्षी बातमी येते, "तुळशी ओसंडून वाहू लागला", "विहार भरला". लोकांना वाटतं, चला, फिरायला जाऊ. पण भरलेला तलाव पुढचा पाऊस पोटात घेत नाही. विहार आणि पवईचं सांडव्याचं पाणी मिठी नदीत जातं. तलाव रिकामे असताना पडलेला पाऊस आणि भरल्यावर पडलेला तेवढाच पाऊस, यात खालच्या माणसासाठी फार फरक असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात समुद्राला भरती. मिठीचं पात्र भरावानं आणि बांधकामांनी आधीच आवळलं होतं. पाणी घराघरांत शिरलं, किती माणसं गेली. पूर ओसरल्यावर लेप्टो पसरला. उंदराच्या, जनावरांच्या मुतातून हा जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. भातशेतीवाल्यांना हे सांगायला नको. अशा पाण्यातून चालून आलात आणि पायाला जखम असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवा.

दहिसर नदी तुळशीच्या बाजूनं येते. डोंगर उताराचा, वाट छोटी. वर सर आली की खाली थोड्याच वेळात लोंढा. कान्हेरीचा ओहोळही असाच वाढला तर पर्यटक पलीकडे अडकू शकतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वाढलं तेव्हा ती प्रवाहाच्या मधोमध उभी होती.

तेव्हा कुणी विचारलं तर एवढं बघून सांगा. वरच्या डोंगरावर ढग काळे आहेत का? काठावर काडी रोवा, दहा मिनिटांत पाणी काडीवर चढलं तर सगळ्यांना बाहेर काढा. निवळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज बदलला, की थांबायचं नाही. तळाला गाळ आहे का, हे काठीनं बघा. पवई आणि विहारात मगरी आहेत, तिथं उतरायचा प्रश्नच नाही. आणि शेततळ्यात कुणालाच उतरू देऊ नका. प्लास्टिकचा कागद शेवाळानं असा निसरडा होतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधून ठेवा, कुंपण घाला.

आपल्या गावच्या तळ्याचा, ओढ्याचा असा इतिहास म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. पूर कुठवर आला होता, डोह कुठे आहे, पूर्वी पाणी पीत होते का आणि कधी सोडलं. ती माणसं आहेत तोवर वहीत लिहून घ्या. पुढच्या पावसाळ्यात पोरं विचारतील तेव्हा उपयोगी पडेल.