गरुडातला पुसलेला ग्रह

श्रवणाच्या थोडं पश्चिमेला, गरुडातच, नवव्या प्रतीचा एक लालसर तारा आहे. माझ्या सहा इंची दुर्बिणीतून तो सहज सापडतो. त्याचा सोबती मात्र मला कधीच दिसणार नाही, कारण तो सतराव्या प्रतीचा. टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत ८२ इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा पडताळताना जॉर्ज व्हॅन बीसब्रुक यांनी तो हेरला आणि १९४४ मध्ये जाहीर केला. (पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्थाही त्याच सालची, म्हणून साल विसरत नाही.) नाव पडलं व्हीबी १०. मूळ तेजानेच इतका मंद तारा तोवर कुणाला ठाऊकच नव्हता.

मंद तो आपल्या डोळ्यांना. अवरक्तात हाच तारा नवव्या प्रतीच्या आसपास येतो. भोवती ग्रह असेल तर त्याच्या ओढीने ताऱ्याचा वेग बदलत राहतो. मग तो वेग अवरक्तातच का मोजू नये? अडचण मोजपट्टीची होती. तारा जवळ येताना किंवा लांब जाताना वर्णपटातल्या रेषा केसभर सरकतात. ते कळायला शेजारी न हलणाऱ्या रेषा लागतात. दृश्य प्रकाशात आयोडीनची वाफ भरलेली नळी हे काम चोख करते, पण तिच्या रेषा अवरक्तापर्यंत पोचत नाहीत. त्यात आपल्याच हवेतली वाफ स्वतःच्या रेषा मध्ये घुसडते.

२००९ मध्ये प्रावडो आणि शाकलान या खगोलशास्त्रज्ञांनी पालोमार वेधशाळेतल्या बारा वर्षांच्या वेधांतून व्हीबी १० आकाशात किंचित डुलतो असं दाखवलं. गुरूच्या सहापट वस्तुमानाचा ग्रह, नऊ महिन्यांची फेरी. बातमी गाजली. तसा ग्रह असता तर ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे एक किलोमीटरने वरखाली व्हायला हवा होता. चिलीत जेकब बीन आणि सहकाऱ्यांनी अवरक्त वर्णपटमापकासमोर अमोनियाची नळी ठेवली. सेकंदाला दहा-एक मीटरपर्यंतचा फरक पकडणाऱ्या त्या मापात तसलं काहीच आढळलं नाही. ग्रह नाही, हे त्यांनी २०१० च्या निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकलं. नव्या ग्रहांच्या याद्यांपेक्षा मला हा ठाम नकार जास्त मोलाचा वाटतो. अवरक्त मापावर विसंबता येतं, हे त्याने दाखवलं.

पुढचा टप्पा पुन्हा मॅकडोनाल्डचा, शेजारच्या टेकडीवरचा. पवईच्या आयआयटीत शिकलेले सुव्रत महादेवन यांच्या गटाने तिथल्या दहा मीटरच्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीला अवरक्त वर्णपटमापक जोडला. तो उणे ९३ अंशांच्या आसपास ठेवतात आणि तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही ढळू देत नाहीत. उबदार यंत्र स्वतःच अवरक्तात चमकतं ना! वायूच्या नळीऐवजी आता लेझरचा कंगवा आहे, समान अंतरावरच्या असंख्य रेषांचा. बर्नार्डच्या ताऱ्यावर सेकंदाला दीड मीटरपर्यंत नेमकेपणा साधला. माणूस चालतो तितपत वेग.

२०२३ मध्ये याच यंत्राने एलएचएस ३१५४ भोवती निदान तेरा पृथ्वींच्या वस्तुमानाचा ग्रह दाखवला. तारा सूर्याच्या नवव्या हिश्शाचा. एवढ्याशा ताऱ्याच्या तबकडीत इतका ग्रह घडवण्यापुरती धूळ आली कुठून, याचा हिशेब सिद्धान्तवाल्यांना अजून जमवायचा आहे.