बिघाडाचा स्वर

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यासमोर थोड्याच दिवसांत एक प्रश्न उभा राहतो: पायाशी कोणती पेडल्स ठेवायची? गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडलेल्या, पायाने चालू-बंद करायच्या या धातूच्या डब्या गिटारमधून निघालेला विद्युतसंदेश वाटेतच बदलतात. एखादी त्याला खरखरीत करते, एखादी हेलकावे देते, एखादी त्याचे प्रतिध्वनी उमटवते. दुकानात अशा डब्यांची रांग लागलेली असते आणि बहुतेकींशी कुणा ना कुणा थोर वादकाचे नाव चिकटलेले असते. निवड बहुधा त्या नावावरूनच होते. या डब्यांचा जन्म कसा झाला हे पाहिले, तर मात्र ही रीत थोडी विचार करायला लावते.

1960 च्या अखेरीस अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बासचा संदेश ज्या यंत्रातून जात होता, त्यातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि सुरेल गाण्याच्या मधोमध एक फाटका, गुरगुरता आवाज उमटला. तो काढून न टाकता तसाच ठेवण्यात आला आणि 1961 मध्ये गाणे विलक्षण गाजले. बिघडलेल्या आवाजाची गोडी काही तिथेच प्रथम लागली असे नाही. 1958 च्या ‘रंबल’साठी लिंक रेने स्पीकरच्या कागदाला भोके पाडली होती. पण नॅशव्हिलचा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने पुढचे पाऊल टाकले. रेव्हिस हॉब्स या सहकाऱ्याबरोबर त्याने तोच बिघाड हवा तेव्हा घडवून आणणारे ट्रान्झिस्टरचे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने 1962 मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले.

जाहिरातीत मात्र बिघाडाचा उल्लेख नव्हता. या डबीमुळे गिटारमधून पितळी वाद्यांचे, फुंकवाद्यांचे, चेलोचे आवाज निघतील, असे आश्वासन होते. ते काही खरे ठरले नाही. दुकानदारांनी सुरुवातीला उत्साहाने उचललेला माल पडून राहिला आणि नवी मागणी जवळजवळ थांबली. मग 1965 च्या मे महिन्यात ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यासाठी कीथ रिचर्ड्सने हीच डबी वापरली. त्याच्या मनात त्या जागी पुढे पितळी वाद्यांचा ताफा यायचा होता. फझचे काम केवळ कच्चा आराखडा दाखवण्याचे. पण तो आराखडाच तबकडीवर गेला. ओटिस रेडिंगने त्याच वर्षी ते गाणे खऱ्याखुऱ्या पितळी वाद्यांसह गायले. तरीही लोकांच्या कानांत जी ओळ घर करून राहिली, ती नक्कल न साधलेल्या डबीची.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. लंडनमध्ये ‘यार्डबर्ड्स’ या वाद्यवृंदाने ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी एका सतारवादकाला बोलावले होते. सतारीचा आवाज त्या गाण्यात पुरेसा भरीव वाटेना, म्हणून जेफ बेकने तीच सुरावट फझ लावून गिटारवर वाजवली आणि तीच प्रसिद्ध झाली. ही नक्कल काही अंशी साधली, याला कारण आहे. सतारीच्या घोडीचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो. कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि स्वरातील वरचे अंश खुलतात. हीच जवारी. फझमध्ये ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि त्यातूनही वरचे स्वरांश निर्माण होतात. मार्ग वेगळे, पण दोन्हीकडे शुद्ध नादात थोडी खरखर मिसळून तो श्रीमंत केला जातो. मिरजेच्या कारागिरांच्या घरांत जवारी काढण्याची विद्या पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. खरखर किती ठेवायची, हे तिथे कानच ठरवतो.

पुढची पेडल्सही याच वाटेने आली. 1966 मध्ये थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेटच्या हातून वाह-वाह पेडल घडले आणि कंपनीने त्यावर क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाचे नाव घातले. वाद्याच्या तोंडाशी झाकण हलवून काढल्या जाणाऱ्या त्याच्या रडव्या स्वराची ती नक्कल होती. जपानी अभियंता फुमिओ मिएदा याला ‘युनि-व्हाइब’ची कल्पना मॉस्को रेडिओच्या चढत्या-उतरत्या आवाजावरून सुचली, विकले गेले ते फिरत्या स्पीकरची नक्कल म्हणून. जिमी हेंड्रिक्सने ही दोन्ही वापरली, तेव्हा ट्रम्पेटची वा फिरत्या स्पीकरची आठवण कोणाला राहिली?

तेव्हा निवड कशी करावी? काही गोष्टी यंत्राच्या स्वभावातूनच ठरतात. ‘फझ फेस’सारखे जुन्या पद्धतीचे फझ गिटारच्या लगेच पुढे ठेवावे. तिथे ते गिटारवरील आवाजाच्या खुंटीला प्रतिसाद देते; ती थोडी उतरवली की खरखर निवळते. मध्ये दुसरी डबी आली, की हा संवाद बहुधा तुटतो. त्यातले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असतील तर उन्हाळ्यात आवाज बदलेल, हेही धरून चालावे. प्रतिध्वनीचे पेडल फझनंतर लावावे. आधी लावले तर सगळे प्रतिध्वनी एकमेकांत चिरडून त्यांचा गाळ होतो. अर्थात गाळच हवा असेल, तर उलटा क्रमही बरोबर.

याच्या पलीकडचे मात्र क्रमाने किंवा नावाने ठरत नाही. हेंड्रिक्ससारखे वाजावे म्हणून हेंड्रिक्सची डबी घेणारा माणूस 1962 च्या त्या ग्राहकाच्याच जागी उभा असतो, ज्याला गिटारमधून चेलो हवा होता. नक्कल बहुधा फसतेच, आणि इतिहास असा, की ऐकण्याजोगे काही घडले ते त्या फसण्याकडे कोणी कान दिला म्हणून. दुकानात डबी पायाशी घेऊन दुसऱ्याची प्रसिद्ध ओळ वाजवण्यापेक्षा आपलीच एखादी साधी, रोजची ओळ वाजवून पाहावी. जिची खरखर ऐकून तीच ओळ पुन्हा वेगळी वाजवावीशी वाटेल, ती डबी घरी न्यावी.